मनगटावरचा धागा

फार फार वर्षांमागे, माळावर मेंढरं जास्त आणि माणसं कमी होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

त्या माळावर घोंगड्या विणणाऱ्यांचं एक गाव होतं. राजधानी तिथून फार लांब. गादीवर राजा कोण आहे हे गावाला धड ठाऊक नसे. पण थंडीत तो पांघरतो ती घोंगडी आपल्या गावची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

काय दिवस होते ते. सकाळी डोळा उघडायचा तो मागाच्या ठोक्यानं. चुलीवर चिंचोक्याची खळ रटरटायची आणि तिचा वास वेशीपर्यंत जायचा. विणण्याआधी ती खळ सुताला पाजायची, वरून कुंचा ओढायचा, की उभे राहिलेले तंतू गप निजायचे. ओसरीवर बायका गोल करून सूत कातायच्या. एकीनं गाणं उचललं की दुसरी ते पुढं न्यायची, आणि सूत गाण्याबरोबर लांबत जायचं. तसं सूत पुढं कुणाला जमलं नाही.

त्या गोलात बसणं हा मान होता. मेंढरांची कातरणी संपली की गावात धाग्याचा दिवस यायचा. वयात आलेल्या मुली बाभळीखाली उघड्या डोक्यानं बसायच्या आणि गावातला मानकरी एकेकीच्या वेणीत पांढऱ्या लोकरीचा धागा गुंफायचा. वेणीत धागा आला की मुलगी गोलात आली. हा दिवस प्रत्येकीला एकदाच मिळे. हुकला तो कायमचा हुकला.

मानकरी होता धुळाबा. म्हातारा, ताठ, शब्दाला पक्का. मान हाती आला त्याच वर्षी त्यानं तुळसा नावाच्या मुलीला बाभळीखालून उठवलं होतं. तापात वैद्यानं तिचं डोकं भादरलं होतं. धुळाबा म्हणाला होता, "वेणी नाही तर धागा नाही." तुळसा उठली आणि गेली. पुढं तिचे केस कमरेपर्यंत वाढले, मग पांढरेही झाले, पण ती गोलात बसली नाही. बायका कातत बसल्या की ती त्यांना पाणी आणून द्यायची आणि घागर घेऊन कडेला उभी राहायची.

गावानं त्या दिवशी धुळाबाचं कौतुक केलं होतं. मानकरी असावा तर असा, असं लोक म्हणाले होते.

धुळाबाला एक नात होती, सुगला. येत्या कातरणीनंतर तिचा धाग्याचा दिवस होता.

सुगलाची बोटं म्हणजे गावात बोलायचा विषय. लोकरीच्या ढिगात मऊ तंतूंबरोबर राठ केसही येतात. ते राहिले तर घोंगडी टोचते. सुगला डोळे मिटूनही राठ केस शोधायची आणि उपटून बाजूला टाकायची. धुळाबानंच तिला शिकवलं होतं. "राठ केस हाताला लागला की सोडायचा नाही," तो म्हणायचा, आणि पाहुण्यांसमोर तिला लोकर निवडायला बसवायचा.

एकदा पावसाळा सरता सरता सुगलाची आई हौसा तिची वेणी घालत होती. घालता घालता तिचा हात थांबला. कानामागं तळहाताएवढी जागा मोकळी होती. तिथं केस नव्हताच.

आधी वाटलं चाई पडली. मग वाटलं उंदरानं कुरतडलं. मग एका दुपारी हौसानं स्वतः पाहिलं. पोरगी भिंतीशी बसून आपल्याच डोक्यातला एकेक केस शोधत होती आणि उपटत होती.

घरात काय झालं ते सांगायला नको. हौसानं मारलं. शेजारणी येऊन शहाणपण सांगून गेल्या. एक म्हणाली, बोटांना कडुनिंबाचा पाला वाटून लावा. लावला. दुसरी म्हणाली, हात फडक्यात बांधा. बांधले. हात बांधलेली मुलगी जेवणार कशी, लोकर निवडणार कशी? फडकं सोडावं लागे, आणि ते सुटलं की हात आधी डोक्याकडे जाई.

शेवटी धुळाबा उठला. त्याच्या घरात, त्याच्या नातीनं वेणीविना बाभळीखाली बसायचं, हे त्याला सोसणारं नव्हतं. त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. उभे राहिलेले तंतू कशानं निजतात? खळीनं. त्यानं चिंचोक्याची खळ शिजवली, निवू दिली, आणि विणकर सुताला पाजतो तशी नातीच्या डोक्यावर थापली. वरून कुंचाही ओढला.

"आता हात लावून दाखव," तो म्हणाला.

खळ वाळली. डोकं ताठ झालं, मग खाजू लागलं. खळीचे पोपडे सुटू लागले. पोपडा दिसला की सुगलाचं बोट तिथं जाई, आणि पोपड्याबरोबर चार केस निघून येत. जागा होती त्याच्या दुप्पट झाली. खाली कातडीवर खपल्या धरल्या. मग ती खपल्याही काढू लागली.

सुगलानं डोक्यावरचा पदर काढणं सोडलं. ओसरीवर येणं सोडलं. मागच्या भिंतीशी, लोकरीच्या ढिगाआड ती दिवस काढू लागली. धुळाबा तिच्याशी बोलेना. धाग्याचा दिवस जवळ येत होता आणि त्या दिवशी काय म्हणावं लागेल ते त्याला माहीत होतं. ते त्यानं एकदा म्हटलेलं होतं.

अशाच एका दुपारी तो मेंढरांच्या वाडग्यात गेला. तिथं भोरी नावाची म्हातारी मेंढी होती. त्या काळी जनावरं बोलत. माणसं ऐकेनात, म्हणून पुढं ती गप्प झाली.

भोरी पाला खाता खाता म्हणाली, "मला हसू येतं."

"कशाचं?"

"तुझं. मागं मी माझ्या कुशीची लोकर ओरबाडून खात होते. तेव्हा मला खळ लावली होतीस का?"

"तू मेंढी आहेस. तुला कसली खळ?"

"मग ती घोंगडी आहे का?"

धुळाबाला राग आला. पण मेंढीवर रागवून काय करणार? तो म्हणाला, "तुझं निराळं होतं. पाय मोडला म्हणून तुला कोपऱ्यात बांधलं होतं. कळप चरायला जाई, तू एकटी राहायचीस. तोंडाला काही चाळा नव्हता, म्हणून स्वतःला खात होतीस. मी तुला दारात आणलं, कळप दिसेल असं बांधलं, तोंडापुढं पाल्याची फांदी टांगली. मग थांबलीस."

"हे सगळं मी तुला सांगितलं होतं?"

"नाही. मी बघितलं."

"काठी किती मारलीस?"

"काठी कशाला मारू? तू काय मुद्दाम करत होतीस?"

भोरीनं पाल्यातून तोंड वर काढलं. "मग तिलाही बघ जरा," ती म्हणाली, आणि पुन्हा पाला खाऊ लागली.

धुळाबा घरी आला. माग मोडल्याचं निमित्त करून तो मागच्या अंगणात दुरुस्तीला बसला आणि पाहू लागला.

आई जवळ असेपर्यंत सुगलाचा हात कुठंही गेला नाही. जेवताना गेला नाही. हौसा पाण्याला गेली, दुपार पसरली, निवडायची लोकर संपत आली, आणि मग हात निघाला. आधी कानाची पाळी चोळली. मग दोन बोटं केसांत शिरली. एक केस धरला, सोडला. दुसरा धरला, सोडला. तिसरा राठ लागला असावा. तो बोटांत फिरवला, ओढला, ओठांवरून नेला, मूळ पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती, हट्ट नव्हता. झोपेतल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

हातातली लाकडी पाचर धुळाबानं खाली ठेवली. हे फिरणं त्यानं पूर्वी पाहिलं होतं.

त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती संध्याकाळी उंबऱ्यावर बसायची. पोरं अंगणात, मेंढरं परतीच्या वाटेवर, आणि तिची दोन बोटं कपाळावर अशीच फिरत असायची. तिला भुवया नव्हत्या. लोक थट्टा करत, भुवया मेंढीनं खाल्ल्या का म्हणून, आणि तीही हसायची. पदर कपाळावर पुढं ओढायची. धुळाबाला ती चांगली चाल वाटायची. बायको मर्यादेची आहे, असं त्याला वाटायचं. त्या उंबऱ्यावरची ती संध्याकाळ त्याला इतकी स्पष्ट दिसली, की धुराचा वाससुद्धा आला.

तो उठून नातीजवळ गेला. सुगलानं झटकन हात मागं नेला आणि डोकं खांद्यांत ओढून घेतलं.

"मारत नाही," धुळाबा म्हणाला. "विचारायला आलोय. हात जातो तेव्हा काय होतं?"

तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "जातो ते कळत नाही, आबा. कळतं तेव्हा केस हातात असतो."

"आणि कळलं तर?"

"तरी कधीकधी थांबत नाही. एक राठ केस बोटाला लागतो. तो निघेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. निघाला की बरं वाटतं, घटकाभर. मग लाज वाटते. लाज वाटली की परत हात जातो."

राठ केस हाताला लागला की सोडायचा नाही. हे कुणी शिकवलं होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

मग त्यानं तिला तिच्या आजीच्या भुवयांचं सांगितलं. सुगला डोळे मोठे करून ऐकत राहिली.

"मग आजीनं काय केलं?"

"पदर ओढून घेतला. जन्मभर."

"आणि तुम्ही?"

"मी विचारलं नाही," धुळाबा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून घराची घडी बदलली. सुगलाची जागा मागच्या भिंतीपासून उठली आणि पुढच्या ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर आली. दुपारी डोक्याला तेल लावून वर फडकं घट्ट बांधायचं ठरलं. बोटं तेलात घसरली तर घसरू देत. हौसाला सांगितलं, आता मारायचं नाही, ओरडायचं नाही. हात वर गेलेला दिसला तर नुसती मांडीवर थाप मारायची आणि आपलं काम करायचं.

"मामंजी, मार देऊन जे सुटलं नाही, ते थाप मारून सुटंल?" हौसा म्हणाली.

"मार देऊन सुटलं नाही ना? मग मार कशाला धरून ठेवतेस?"

आणि धुळाबानं आणखी एक केलं. न धुतलेल्या लोकरीचा धागा वळून तो नातीच्या मनगटावर बांधला. त्याला एक गोंडा सोडला. हात डोक्याकडे निघाला की गोंडा गालाला लागायचा. तसल्याच राठ लोकरीचा एक पुंजका त्यानं तिच्या कनवटीला खोचला.

"गालाला गुदगुली झाली की समजायचं, हात निघाला. मूठ या पुंजक्यात घालायची आणि आवळायची. केसच शोधायचा असेल तर यात शोध. लहर वाऱ्यासारखी आहे. येते, आणि धरून बसलं की जाते. ती जाईपर्यंत मूठ सोडायची नाही."

लगेच काही झालं नाही. सुरुवातीला केस उपटून झाल्यावर गोंड्याची आठवण यायची. मग हात अर्ध्यावर असताना येऊ लागली. पुढं पुढं हात मांडीवरून उचलतानाच सुगला स्वतःशी मान हलवायची आणि मूठ कनवटीकडे न्यायची. चुकलेले दिवस होतेच. पण थंडी पडली तेव्हा, कातरलेल्या मेंढीवर नवी लोकर यावी तशी, त्या मोकळ्या जागेवर बारीक काळी लव दिसू लागली. हौसा ती लव पाहून डोळ्याला पदर लावी आणि काही बोलत नसे. तीही शिकली होती.

कातरणी झाली. धाग्याचा दिवस तोंडावर आला. गावातल्या मुली वेण्या मिरवत दारावरून जाऊ लागल्या. त्यातली एक सुगलाचं फडकं बघून म्हणाली, "हिच्या वेणीत धागा नको. हिला टोपीच विणा." बाकीच्या हसल्या.

त्या दुपारी ओसरीवर सुगला नव्हती. धुळाबाला ती मागच्या भिंतीशी सापडली. मनगटावरचा धागा तुटून पडला होता. मांडीवर केस होते आणि लव होती तिथं रक्ताचे ठिपके.

इतक्या दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत गेलेली पाहून धुळाबाचा हात काठीवर आवळला. मग त्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली. पोरीचा हात धरला आणि तिला मागापाशी आणलं.

मागावर अर्धी घोंगडी विणून झालेली होती. धुळाबानं ताण्यातलं एक उभं सूत बोटावर घेतलं आणि तोडलं.

"तुटलं," तो म्हणाला. "घोंगडी टाकून देऊ?"

सुगला रडत होती. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मग सगळं उसवू? पहिल्यापासून ताणा काढू?"

"गाठ मारा," ती म्हणाली.

"तूच मार."

तिनं डोळे पुसले, सुताची टोकं शोधली आणि गाठ मारली. गाठ बारीक आली. धुळाबानं त्यावरून बोट फिरवलं.

"आधी विणलेलं कुठं गेलं का?"

"नाही."

"मग झालं," तो म्हणाला, आणि नवा धागा वळायला बसला.

धाग्याच्या दिवशी सगळं गाव बाभळीखाली जमलं. मुली रांगेत बसल्या, तेल लावलेल्या, लांब वेण्या सोडलेल्या. रांगेच्या टोकाला सुगला होती. तिनं स्वतःच्या हातानं डोक्यावरचं फडकं सोडलं. एका बाजूला विरळ केस, दुसऱ्या बाजूला आखूड लव आणि त्यात ताज्या खपल्या. लोकांत कुजबूज झाली. सुगलाची मान खाली होती. हात मात्र कनवटीच्या पुंजक्यात होता, आणि मूठ आवळलेली होती.

धुळाबा एकेकीच्या वेणीत धागा गुंफत आला आणि नातीसमोर उभा राहिला. तेव्हा राणोजी म्हणून त्याच्या बरोबरीचा एक म्हातारा पुढं झाला.

"धुळाबा, वेणी नाही तर धागा नाही. हे याच झाडाखाली तूच म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. तोंड माझंच होतं."

"मग आज नात आहे म्हणून नियम मोडणार?"

धुळाबाची मान कधी गावासमोर वाकली नव्हती. आता ती थोडी वाकली.

"सूत वेणी काततच नाही, राणोजी. सूत हात काततो. आपण धागा चुकीच्या जागी बांधत होतो."

त्यानं सुगलाला हात पुढं करायला सांगितलं. पांढरा धागा तिच्या मनगटावर, जुन्या धाग्याशेजारी बांधला. मग तो सरळ झाला आणि गर्दीच्या कडेला पाहत म्हणाला, "तुळसा, इकडं ये."

तुळसा घागर घेऊन उभी होती. तिला वाटलं पाणी हवं आहे. ती घागर घेऊनच पुढं आली.

"घागर खाली ठेव. हात पुढं कर."

तुळसाचे केस पांढरे झाले होते. वेणी कमरेपर्यंत होती. तिनं त्याच्या हातातला धागा पाहिला. "आता?" ती म्हणाली. "आता काय राहिलं माझं?"

"उशीर केला मी," धुळाबा म्हणाला. "हात तेवढा पुढं कर."

तिनं हात पुढं केला. गाठ मारताना त्या ताठ म्हाताऱ्याच्या हातून धागा निसटला, आणि राणोजीनंच धाग्याचं दुसरं टोक धरलं.

त्या दिवसापासून त्या गावात धागा वेणीत गुंफला गेला नाही. तो मनगटावर बांधला जाऊ लागला. सुगला आणि तुळसा गोलात शेजारी शेजारी बसू लागल्या. मग एक एक गोष्ट बाहेर आली. एक बाई नखं रक्त येईपर्यंत खायची. एक कोपराची खपली धरू देत नव्हती. आजवर कुणी बोललं नव्हतं, जो तो पदराआड लपवत होता. प्रत्येकीच्या कनवटीला राठ लोकरीचा पुंजका आला.

सुगलाचं सूत पुढं राजधानीपर्यंत गाजलं. तिचा हात मात्र मधूनमधून डोक्याकडे निघायचा, अगदी म्हातारपणीही. घरात दुखणं आलं, कुणी गेलं, की कानामागची जागा विरळ व्हायची. मग ती मनगटावरच्या धाग्याकडे पाहायची, मूठ कनवटीला न्यायची, आणि पुन्हा केस यायचे. हसून म्हणायची, "सूत तुटलं होतं. गाठ मारली."

तात्पर्य: आपल्याच अंगावर जाणाऱ्या हाताला मार, बंधन आणि लाज थांबवत नाहीत, तो निघतो कधी ते ओळखावं, त्याला धरायला दुसरं काही द्यावं, आणि चुकला तर मागचं न उसवता गाठ मारून पुढं जावं.